सिस्टम हेडरमध्ये एरर आला तर: काय तपासायचं, कुठल्या क्रमाने, आणि वर्कअराउंड कुठे टाकायचा

सी किंवा सी++ कोड बिल्ड करताना एरर /यूएसआर/इन्क्लूडमधल्या, म्हणजे सिस्टमसोबत येणाऱ्या हेडर फाइलमध्ये दिसला की बहुतेक जण तीनपैकी एक काहीतरी करतात. सुडो मारून थेट ती हेडर फाइलच एडिट करतात, नाहीतर कुठूनतरी सापडलेला एक डिफाइन (मॅक्रोची व्याख्या) मेकफाइलमध्ये चिकटवतात, नाहीतर वॉर्निंग बंद करणारा फ्लॅग टाकून मोकळे होतात. आणि गंमत म्हणजे तिन्हींनी बिल्ड बरेचदा पास होतो, म्हणून तर ही सवय सुटत नाही. पुढच्या अपडेटला एडिट केलेली फाइल पुसली जाते किंवा तो डिफाइन भलत्याच ठिकाणी काम करायला लागतो, आणि तोवर तो कोणी टाकला, का टाकला हे कोणालाच आठवत नसतं.

खालचं सगळं लिनक्सवर जीसीसी किंवा क्लँग हे कंपायलर, आणि जीलिबसी किंवा मसल या सी लायब्ररी वापरणाऱ्यांसाठी आहे. फ्लॅग, मॅक्रो, फाइलची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलीत, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाका, अक्षर मोठं की लहान हे जिथे महत्त्वाचं तिथे सांगितलंय.

## टप्पा १: आधी तयारी

चार गोष्टी लिहून काढा, डोक्यात ठेवू नका: कंपायलरचं व्हर्जन, सी लायब्ररी कोणती आणि तिचं व्हर्जन, कर्नल हेडर पॅकेजचं व्हर्जन, आणि फेल झालेली पूर्ण कमांड. जीलिबसीचं व्हर्जन एलडीडी कमांडला ‘व्हर्जन’ विचारलं की कळतं. कर्नल हेडरचं मात्र यूनेम कमांडवरून ठरवू नका, यूनेम चालू असलेलं कर्नल सांगतो, हेडर वेगळ्या पॅकेजमधून येतात आणि कंटेनरमध्ये तर दोघांचा एकमेकांशी काही संबंधच नसतो.

पूर्ण कमांड म्हणजे खरंच पूर्ण. बिल्ड मेकने चालत असेल तर मोठ्या व्हीचं व्ही=१ द्या, निन्जाने चालत असेल तर लहान -व्ही द्या. बिल्ड सिस्टम मागच्या दाराने काय काय फ्लॅग घुसवतो हे तिथेच दिसतं.

मग ज्या फाइलवर फेल झालं ती एकच फाइल त्याच कमांडने हाताने कंपाइल करा. तोच एरर आला पाहिजे. नाही आला तर एन्व्हायर्नमेंटमधून काहीतरी शिरतंय, सीपाथ किंवा सी_इन्क्लूड_पाथ असे व्हेरिएबल सेट आहेत का बघा. जुन्या एसडीकेचा (डेव्हलपमेंट किटचा) सेटअप स्क्रिप्ट एकदा बॅशआरसीमध्ये, म्हणजे शेल सुरू होताना चालणाऱ्या फाइलमध्ये, टाकून विसरलेला असतो, तिथून येतात हे.

सावध: समांतर बिल्डचा लॉग वाचत बसू नका. दहा फाइलींचे एरर एकमेकांत मिसळतात आणि लोक तिसऱ्या फाइलच्या एररवर पहिल्या फाइलचा उपाय करतात.

## टप्पा २: कुठली फाइल उघडली ते बघा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. #इन्क्लूडमध्ये सिस/स्टॅट.एच लिहिलंय म्हणून /यूएसआर/इन्क्लूडमधलीच फाइल उघडली असं काही नसतं.

कमांडला मोठ्या एचचा -एच फ्लॅग जोडा. प्रत्येक हेडर उघडताना त्याचा पूर्ण पाथ छापला जातो, पुढे जितके टिंब तितकं खोल नेस्टिंग. लहान -व्ही दिला तर शोधायच्या डिरेक्टऱ्यांची यादी क्रमाने मिळते. दोन्ही आउटपुट फाइलमध्ये ठेवा, पुढे लागतात.

आता यादीत हे शोधा:

- पाथमध्ये इन्क्लूड-फिक्स्ड आहे का? असेल तर ती लायब्ररीची मूळ फाइल नाही, जीसीसी बिल्ड होताना फिक्सइन्क्लूड्स नावाच्या टूलने ‘सुधारून’ ठेवलेली कॉपी आहे.
- क्रॉस कंपाइल, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी कंपाइल करताय आणि तरी होस्टचा (तुमच्याच मशीनचा) /यूएसआर/इन्क्लूड दिसतोय? मग बग हेडरमध्ये नाही, सिसरूट (त्या दुसऱ्या मशीनच्या फाइलींची डिरेक्टरी) चुकलाय.
- एकाच नावाची हेडर दोन जागांवरून येतेय, एक /यूएसआर/लोकलमधून आणि एक सिस्टममधून? जुनी काढा आणि परत सुरू करा.

शोधाच्या क्रमाचा एक सापळा इतका नेहमीचा आहे की वेगळा सांगतो. सी++ कोड, जीसीसी ६ किंवा पुढचा, आणि एरर म्हणतो स्टडलिब.एच सापडत नाही. फाइल तर डोळ्यांसमोर आहे! जीसीसी ६ पासून लिबस्टडसी++ (जीसीसीची सी++ लायब्ररी) स्वतःची स्टडलिब.एच आणि मॅथ.एच ठेवते आणि आतून #इन्क्लूड_नेक्स्टने ‘यादीत माझ्या पुढची’ फाइल मागते. कोणीतरी -आयसिस्टम /यूएसआर/इन्क्लूड असा फ्लॅग दिला असेल तर ती डिरेक्टरी यादीत वर सरकते, आणि मग ‘पुढे’ काही उरतच नाही. हा फ्लॅग बहुतेक वेळा सीमेक (बिल्ड फाइली बनवणारं टूल) हेच एखाद्या पॅकेजच्या इन्क्लूड पाथवरून बनवतो. उपाय एकच, तो फ्लॅग काढा. कंपायलरला ती डिरेक्टरी आधीच माहीत असते.

तपासा: एरर देणाऱ्या फाइलचा पूर्ण पाथ आणि ती कुठल्या पॅकेजची (डीपीकेजी -मोठा एस किंवा आरपीएम -क्यूएफ) हे एका ओळीत लिहिता येतंय का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: प्रीप्रोसेस करून वाचा

त्याच कमांडमधून -सी काढून मोठ्या ईचा -ई टाका आणि आउटपुट, म्हणजे सगळे #इन्क्लूड आणि मॅक्रो उलगडलेला कोड, फाइलमध्ये घ्या. पन्नास हजार ओळी असतील, घाबरू नका, ज्या नावावर एरर आहे ते नाव शोधा. प्रत्येक जागेच्या वर #, ओळीचा नंबर आणि फाइलचं नाव असलेली मार्कर ओळ असते, तिच्या शेवटी ३ आकडा असेल तर कंपायलर ती फाइल सिस्टम हेडर मानतोय, म्हणजे तिथल्या वॉर्निंग तो तुम्हाला दाखवत नाहीये. सगळं बघायचंच असेल तर -डब्ल्यूसिस्टम-हेडर्स लावा.

मॅक्रो कुठून आला ते हवं असेल तर -ई सोबत -डीडी द्या, पहिला डी लहान, दुसरा मोठा. सगळ्या मॅक्रोची शेवटची किंमत हवी असेल तर -डीएम, डी लहान, एम मोठा. हे -डीएम रिकाम्या फाइलवर चालवून बघा एकदा. जीसीसीच्या डीफॉल्ट जीएनयू मोडमध्ये ‘लिनक्स’ नावाचा साधा, बिनअंडरस्कोअरचा मॅक्रो १ म्हणून डिफाइन झालेला दिसेल. खालच्या उदाहरणात हाच पठ्ठ्या नडतो.

### एक खरं प्रकरण जवळून: स्टॅटएक्स

जीलिबसी २.२८ मध्ये, म्हणजे २०१८ साली, फाइलची माहिती देणारं स्टॅटएक्स फंक्शन आलं. स्ट्रक्ट स्टॅटएक्स मात्र कर्नलच्या लिनक्स/स्टॅट.एचमध्येही आहे, तेव्हा दोन्ही हेडर घेतले की एकच स्ट्रक्ट दोनदा. यावर जीलिबसीने पुढे सरळ मार्ग काढला: बिट्स/स्टॅटएक्स.एचमध्ये __हॅज_इन्क्लूडने विचारायचं की कर्नलची हेडर आहे का, असेल तर तीच घ्यायची, नसेल तरच स्वतःची व्याख्या द्यायची.

पण जुन्या जीसीसीत __हॅज_इन्क्लूडच्या कंसातला मजकूर मॅक्रो म्हणून उलगडला जायचा. तिथे कोनी कंसात लिनक्स/स्टॅट.एच लिहिलं की वरचा मॅक्रो लागू होऊन त्याचं होणार १/स्टॅट.एच, आणि अशी फाइल कोणाकडेच नसते. (जीसीसीच्या बगझिलात, म्हणजे बग नोंदवायच्या साइटवर, हा ८०००५ नंबरचा बग आहे.) म्हणून जीलिबसीवाल्यांनी कोनी कंस टाळून अवतरणचिन्हं वापरली आणि वर तशी कॉमेंटही टाकली. इथवर ठीक.

मग फिक्सइन्क्लूड्स आलं. त्यात एक जुना नियम आहे, हेडरमध्ये ‘लिनक्स’सारखी साधी मशीन-नावं दिसली की ती __लिनक्स__ अशी करायची. त्याने अवतरणचिन्हातला पाथही बदलून __लिनक्स__/स्टॅट.एच करून टाकला! अशी डिरेक्टरी नाही, म्हणजे उत्तर ‘फाइल नाही’, म्हणजे जीलिबसी स्वतःची व्याख्या देणार, आणि तुमच्या कोडने लिनक्स/स्टॅट.एच घेतली की रीडेफिनिशन. हा बग ९१०८५. लायब्ररीची मूळ फाइल बरोबर, कर्नलची फाइल बरोबर, तुमचा कोडही बरोबर, चूक फक्त कंपायलरच्या पोटातल्या कॉपीत. ज्यांनी /यूएसआर/इन्क्लूडमधली फाइल उघडून तासभर वाचली त्यांना काहीही सापडणार नव्हतं, रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. -एच लावला असता तर पाथमध्ये इन्क्लूड-फिक्स्ड लगेच दिसलं असतं, आणि ती फाइल उघडली की वरच लिहिलेलं असतं की हे फिक्सइन्क्लूड्सने आपोआप बदललंय, एडिट करू नका.

## टप्पा ४: चूक कोणाची ते ठरवा

उपाय यावर अवलंबून आहे, म्हणून ही पायरी वगळायची नाही.

(क) कंपायलरची शिळी किंवा बिघडलेली कॉपी. वरचं प्रकरण. ओळखायची सोपी युक्ती: तीच फाइल क्लँगने कंपाइल करा. क्लँग जीसीसीच्या इन्क्लूड-फिक्स्डकडे बघत नाही, तेव्हा क्लँगला चालतं आणि जीसीसीला नाही असं झालं तर संशय इथे. स्वतः बिल्ड केलेला जीसीसी ठेवून खाली जीलिबसी अपग्रेड केली की हे हमखास होतं.

(ख) कंपायलर खोटं ओळखपत्र दाखवतोय. हेडर __जीएनयूसी__ बघून ठरवतात की कुठली सोय उपलब्ध आहे. क्लँग स्वतःला जीसीसी ४.२.१ म्हणवतो, त्यामुळे हेडर त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवत नाहीत. इंटेलचा जुना आयसीसी मात्र मशीनवरच्या जीसीसीचं व्हर्जन सांगायचा, जीसीसी ७ असेल तर ७. जीलिबसी २.२७ च्या हेडरने त्यावर विश्वास ठेवून _फ्लोट३२ वापरला, आणि आयसीसीला तो टाइप येतच नव्हता. एररमध्ये _फ्लोट३२ किंवा __फ्लोट१२८ ‘अनडिफाइन्ड’ दिसलं की आधी इथे बघा.

(ग) लायब्ररी आणि कर्नल हेडरची टक्कर. जीलिबसी २.३६ मध्ये (ऑगस्ट २०२२) सिस/माउंट.एचला स्ट्रक्ट माउंट_अ‍ॅट्र आणि फंक्शन मिळाली, लिनक्स/माउंट.एचमध्येही तेच स्ट्रक्ट. बरं, तुम्ही लिनक्स/माउंट.एच कधी घेतलीच नाही असं वाटत असेल तर लिनक्स/एफएस.एच घेतलीय का बघा, ती आतून तिला आणते.

(घ) चूक आपलीच. प्रामाणिकपणे सांगायचं तर ‘हेडरचा बग’ म्हणून येणाऱ्यातला मोठा भाग हाच. जीलिबसी २.३० मध्ये गेटटिड (थ्रेडचा नंबर देणारं फंक्शन) आलं आणि ज्यांनी त्याच नावाचं स्टॅटिक फंक्शन लिहून ठेवलं होतं त्यांचा बिल्ड तुटला. २.३४ पासून _जीएनयू_सोर्स (लायब्ररीच्या जादा सोयी उघडणारा मॅक्रो) असताना सिगस्टकएसझेड (सिग्नल स्टॅकची साइज) हा कॉन्स्टंट राहिला नाही, रनटाइमला ठरतो, म्हणून त्या साइजचा ग्लोबल अ‍ॅरे चालत नाही. २.२८ पासून मेजर, मायनर मॅक्रो सिस/टाइप्स.एचमधून मिळत नाहीत, सिस/सिसमॅक्रोज.एच स्वतः घ्यावी लागते. यात कुठेही बग नाही, बदल आहे.

(घ)मधलाच एक उपप्रकार: -एसटीडी=सी९९ दिलं की जीलिबसी फक्त शुद्ध आयएसओ सी दाखवते, स्ट्रडप, यूस्लीप गायब. एकतर -एसटीडी=जीएनयू९९ द्या नाहीतर _जीएनयू_सोर्ससारखा योग्य फीचर मॅक्रो. आणि हा मॅक्रो पहिल्या #इन्क्लूडच्या वर पाहिजे. पहिली सिस्टम हेडर आली की फीचर्स.एच वाचून हिशोब झालेला असतो, नंतर खाली _जीएनयू_सोर्स लिहिणं म्हणजे नुसती टायपिंगची प्रॅक्टिस.

## टप्पा ५: वर्कअराउंड, हलक्यापासून जडाकडे

वरून सुरू करा, काम झालं की थांबा. लोक नेमकं उलटं, खालून वर जातात.

५.१ अपडेट. तुमच्या डिस्ट्रोने (डेबियन, फेडोरा वगैरे) पॅच दिलाय का बघा. सिस/माउंट.एचचा घोळ जीलिबसीने रिलीजनंतर लगेच दुरुस्त केला होता, तेव्हा नुसत्या पॅकेज अपडेटवर काम होऊ शकतं. प्रकार (क) असेल तर जीसीसीसोबत येणारं एमकेहेडर्स टूल परत चालवा, ते सध्याच्या हेडरवरून कॉपी नव्याने बनवतं. पण तुमच्या जीसीसीतला फिक्सइन्क्लूड्सचा नियमच चुकीचा असेल, स्टॅटएक्ससारखा, तर एमकेहेडर्स तीच चूक परत करेल, मग इन्क्लूड-फिक्स्डमधली ती एकच फाइल बाजूला हलवा.

सावध: पूर्ण इन्क्लूड-फिक्स्ड डिलीट करू नका. जुन्या जीसीसीत लिमिट्स.एच आणि सिसलिमिट्स.एच तिथेच राहतात आणि त्या जीसीसीच्या स्वतःच्या आहेत, फिक्स केलेल्या नाहीत. त्या गेल्या की नवीनच एररचा डोंगर.

५.२ आपला कोड बदला. गेटटिडसाठी आपल्या फंक्शनला आपल्या प्रोजेक्टचा प्रीफिक्स लावा आणि आत सिसकॉल (कर्नलला थेट केलेली मागणी) ठेवा, विषय संपला. जीलिबसीचं व्हर्जन बघून #इफ लावणारे भरपूर दिसतात, पण डिस्ट्रो पॅच मागच्या व्हर्जनमध्येही आणतात, आणि मसलमध्ये __जीलिबसी__ मॅक्रोच नाही. __मसल__ असाही मॅक्रो नाही, त्यांनी मुद्दाम दिलेला नाही, तेव्हा तो शोधण्यात वेळ घालवू नका.

५.३ भांडणारे हेडर वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. प्रकार (ग)साठी माझ्या मते हाच सगळ्यात स्वच्छ उपाय, आणि लोक कंटाळा करतात. एक छोटी .सी फाइल बनवा, त्यात फक्त लिनक्स/माउंट.एच घ्या, कर्नलशी बोलणारी दोन-तीन फंक्शन तिथे लिहा, आणि बाहेर दिसणाऱ्या आपल्या हेडरमध्ये साधे इंट आणि चार पॉइंटर ठेवा. बाकी प्रोजेक्ट सिस/माउंट.एच वापरू दे. दोन हेडर एका ट्रान्सलेशन युनिटमध्ये, म्हणजे एकत्र कंपाइल होणाऱ्या एका .सी फाइलमध्ये, आलेच नाहीत तर टक्कर कशी होणार? #इन्क्लूडचा क्रम उलटा करून काम भागवणारे खूप आहेत, ते पुढचा कोणीतरी क्लँग-फॉर्मॅट चालवून हेडर सॉर्ट करेपर्यंतच टिकतं.

५.४ रॅपर हेडर. प्रोजेक्टमध्ये कॉम्पॅट नावाची डिरेक्टरी करा, तिच्यात त्याच नावाची फाइल ठेवा, आधी हवं ते डिफाइन, मग #इन्क्लूड_नेक्स्टने खरी हेडर, मग लगेच अनडेफ. ही डिरेक्टरी -मोठ्या आयने द्या म्हणजे सिस्टम डिरेक्टरीच्या आधी बघितली जाते. लिनक्स/स्टॅट.एच घेताना स्टॅटएक्सला तात्पुरतं दुसरं नाव देणं या जातीचं आहे. चालतं, पण मॅक्रो आंधळा असतो, स्ट्रक्टचं नाव बदलताना त्याच नावाचं फंक्शन किंवा मेंबरही बदलतो, म्हणून अनडेफ विसरायचा नाही. #इन्क्लूड_नेक्स्ट हे जीएनयू एक्स्टेन्शन आहे, जीसीसी आणि क्लँग दोघांना चालतं, मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला नाही.

५.५ कमांड लाइनवर -मोठा डी किंवा -इन्क्लूड. शेवटचा पर्याय, आणि तोही फक्त त्या एका टार्गेटवर. सगळ्या प्रोजेक्टच्या सीफ्लॅग्जमध्ये टाकू नका.

दोन गोष्टी या यादीत नाहीत आणि येणारही नाहीत. सिस्टम हेडर जागेवर एडिट करणं, आणि बिट्स/ डिरेक्टरीतली हेडर थेट इन्क्लूड करणं. त्यातल्या बऱ्याच फाइलींमध्ये ‘थेट घेऊ नका’ असा #एरर असतोच, आणि तो चुकवायला लोक गार्ड मॅक्रो स्वतः डिफाइन करतात. हात जोडतो, नका करू.

सावध, मोठी: काही मॅक्रो फक्त डिक्लेरेशन नाही तर टाइपची साइज बदलतात. ३२ बिट मशीनवर _फाइल_ऑफसेट_बिट्स=६४ दिलं की ऑफ_टी ४ बाइटचा ८ होतो, _टाइम_बिट्स=६४ ने टाइम_टीचं तेच. असा मॅक्रो एका .सी फाइलला दिला, दुसरीला नाही, आणि दोघी ऑफ_टी असलेलं एकच स्ट्रक्ट वापरतात, तर कंपायलर चूं करणार नाही, लिंकरही नाही, डेटा मात्र बिघडेल. हे मॅक्रो द्यायचे तर सगळीकडे, तुमची हेडर वापरणाऱ्या दुसऱ्या प्रोजेक्टसकट.

## टप्पा ६: कॉन्फिगर टेस्ट खोटं बोलत नाही ना?

वर्कअराउंड टाकला, बिल्ड पास, पण एक फीचर गुपचूप बंद झालंय, असं होतं. कारण मशीनवर काय काय आहे ते बिल्डआधी तपासणारा कॉन्फिगर स्क्रिप्ट छोटे छोटे प्रोग्रॅम कंपाइल करून बघतो आणि फेल झालं की ‘नाही’ लिहून पुढे जातो.

जीसीसी १४ ने (२०२४) डिक्लेअर न केलेलं फंक्शन वापरणं वॉर्निंगवरून एररवर नेलं. जुन्या कॉन्फिगर टेस्टमध्ये #इन्क्लूड विसरलेले असतात, ते आता सगळे ‘नाही’ म्हणतात. तसंच कॉन्फिगर चालवतानाच -डब्ल्यूएरर (वॉर्निंगला एरर मानणारा फ्लॅग) दिलं तर टेस्ट प्रोग्रॅममधल्या न वापरलेल्या व्हेरिएबलवरूनही उत्तर ‘नाही’ येतं. -डब्ल्यूएरर नंतर, मेकच्या वेळी द्या.

उलटही होतं. सीमेकचं चेक_फंक्शन_एक्झिस्ट्स फक्त लिंक होतं का बघतं, हेडरमध्ये डिक्लेरेशन आहे का बघत नाही. चेक_सिंबल_एक्झिस्ट्स वापरा, हेडरचं नाव देऊन. कॉन्फिगर स्क्रिप्ट बनवणाऱ्या ऑटोकॉन्फमध्ये एसी_चेक_फंक्सबरोबर एसी_चेक_डेक्ल्स. मसलचं बेसनेम (पाथमधून फाइलचं नाव काढणारं फंक्शन) बघा: १.२.५ मध्ये स्ट्रिंग.एचमधलं त्याचं डिक्लेरेशन काढलं, फंक्शन लायब्ररीत आहेच. जुन्या कंपायलरवर अशा ठिकाणी कोड कंपाइल होतो, रिटर्न टाइप इंट धरला जातो, ६४ बिट पॉइंटर अर्धा कापला जातो, आणि प्रोग्रॅम भलत्याच जागी क्रॅश होतो. लिबजेन.एच घेतली की डिक्लेरेशन मिळतं, पण ते पॉझिक्स स्टँडर्डवालं बेसनेम आहे, दिलेली स्ट्रिंग बदलू शकतं, तेव्हा कॉपी करून द्या.

तपासा: कॉन्फिग.लॉग, किंवा सीमेकची बिल्ड डिरेक्टरी, वर्कअराउंडच्या आधीची आणि नंतरची डिफ करून बघा. प्रत्येक बदललेल्या ‘हो/नाही’चं कारण सांगता आलं पाहिजे. आणि हे करायच्या आधी सीमेककॅश पुसा, नाहीतर जुनीच उत्तरं परत वाचाल.

## टप्पा ७: दुसऱ्या घरी चालतंय का

किमान तीन कंटेनरमध्ये बिल्ड करा: अल्पाइन मसलसाठी, डेबियन स्टेबल जुन्या जीलिबसीसाठी, फेडोरा नव्या कंपायलरसाठी. जीसीसी आणि क्लँग दोन्हींनी. मसलवर लिनक्स/इन.एच आणि नेटइनेट/इन.एचची टक्कर वेगळ्या पद्धतीने होते, १.२.४ पासून ऑफ६४_टीसारखी नावं नुसत्या _जीएनयू_सोर्सने मिळत नाहीत, हे सगळं इथेच बाहेर येतं.

बायनरी वाटायची असेल तर ऑब्जडंपला मोठ्या टीचा -टी देऊन सिंबल बघा. जीलिबसी २.३८ च्या हेडरवर _जीएनयू_सोर्ससह कंपाइल केलं की साधा स्ट्रटॉल गुपचूप __आयएसओसी२३_स्ट्रटॉल होतो, आणि ती बायनरी जुन्या जीलिबसीवर सुरूच होत नाही. जी++ लिनक्सवर _जीएनयू_सोर्स स्वतःच लावतो, त्यामुळे सी++वाल्यांना न मागता मिळतं हे. इथे मॅक्रोशी कुस्ती खेळू नका, ज्या सगळ्यात जुन्या डिस्ट्रोवर चालवायचंय तिच्या कंटेनरमध्ये बिल्ड करा.

## टप्पा ८: कॉमेंट लिहा, रिपोर्ट करा

वर्कअराउंडच्या अगदी वर कॉमेंट: कुठला बग नंबर, कुठल्या व्हर्जनच्या जोडीत येतो, आणि कधी काढायचा. ‘फिक्स फॉर न्यू जीलिबसी’ असलं लिहू नका, तीन वर्षांनी ‘न्यू’ म्हणजे कुठली ते कोण सांगणार.

रिपोर्ट करताना टप्पा ३ मधलं प्रीप्रोसेस आउटपुट कापून कापून वीस-तीस ओळींवर आणा, हाताने नको, सी-व्हाइज किंवा सी-रिड्यूस ही टूल वापरा. मात्र हेडरच्या बगला नुसतं प्रीप्रोसेस आउटपुट पुरत नाही, कारण #इफ कुठे फसला ते त्यात उरलेलंच नसतं. सोबत दोन-तीन #इन्क्लूड असलेली मूळ फाइल, -व्हीचं आणि -एचचं आउटपुट द्या. कंपायलरची चूक असेल तर जीसीसी बगझिला, लायब्ररीची असेल तर सोर्सवेअरचं बगझिला, डिस्ट्रोने पॅच केलेलं पॅकेज असेल तर आधी डिस्ट्रोकडे. मसलचं काम मेलिंग लिस्टवर चालतं.

आणि सीआयमध्ये (बिल्ड आपोआप चालवणाऱ्या सिस्टममध्ये) एक जॉब असा ठेवा जो वर्कअराउंड बंद करून बिल्ड करतो आणि फेल झाला तरी बाकी पाइपलाइन अडवत नाही. ज्या दिवशी तो हिरवा होईल त्या दिवशी तुमच्या सपोर्टमधलं सगळ्यात जुनं डिस्ट्रोही हिरवं आहे का बघा, आणि असेल तर त्याच कमिटमध्ये वर्कअराउंड, कॉम्पॅटमधली फाइल आणि तो जॉब तिन्ही काढून टाका.